डाउनलोड मॅनेजर निवडताय? आधी राउटर बंद करून बघा

आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे दुकानात कुणी ‘चांगला डाउनलोड मॅनेजर (मोठ्या फाइली उतरवून देणारं सॉफ्टवेअर) टाकून द्या’ म्हणालं, की मी वेग नंतर बघतो. आधी बघतो, तुटलेलं डाउनलोड तो किती नीट उचलतो.

चाचणीसाठी उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल बरी. पाच-सहा जीबीची, फुकट, आणि तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे ताडायचा आकडा-अक्षरांचा ठसा, साइटवरच मिळतो. निम्मी उतरली की राउटर बंद करा. पाच मिनिटांनी चालू केल्यावर सॉफ्टवेअर आपणहून पुढे सरकतं की एरर दाखवून बसतं? नंतर टास्क मॅनेजरमधून ते बंद पाडा आणि पुन्हा उघडा. फाइल पूर्ण झाली की हॅश जुळवा. सेव्हन-झिप हे फाइली झिप करायचं सॉफ्टवेअर असेल तर राइट क्लिकमध्येच सोय आहे. हॅश जुळला नाही, तर ‘१००%’ला काही अर्थ नाही.

मात्र एक लक्षात घ्या. समोरचा सर्व्हर फाइलचा तुकडा मागितल्यावर तुकडा देत नसेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर रिझ्यूम करू शकत नाही, म्हणजे थांबलं तिथून पुढे जाऊ शकत नाही. तिथे दोष मॅनेजरचा नाही.

लिंकची मुदत संपणं हे आणखी एक दुखणं. रात्री थांबवलेली फाइल सकाळी ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ अशी एरर दाखवते. अशा वेळी नवी लिंक देऊन जुनाच तुकडा पुढे चालवता येतो का, हे तपासा. इंटरनेट डाउनलोड मॅनेजरमध्ये, म्हणजे आयडीएममध्ये, ही सोय आहे. तो ३० दिवस फुकट, पुढे विकत.

आता वेग. ४० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर ५ एमबी येणार, कारण एमबीपीएस मेगाबिटमध्ये असतं आणि आठ बिटांचा एक बाइट. फाइलचे तुकडे एकाच वेळी ओढायला सोळा कनेक्शन लावून त्याचे दहा होत नाहीत. सर्व्हर दर कनेक्शनला वेग बांधून देत असेल तेव्हाच तुकड्यांचा फायदा. एरिया२ हा कमांड टाइप करून चालवायचा डाउनलोड मॅनेजर मूळ सेटिंगमध्ये एका सर्व्हरला एकच कनेक्शन लावतो, वाढवून सोळापर्यंत. मी चारवर ठेवतो, कारण जास्त ओढाताण केली की काही सर्व्हर चक्क दार लावून घेतात.

आयडीएमचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी फाइल, मागायला येणारे बरेच. मी टाकत नाही. त्या फाइलसोबत काय येतं ते कोण बघणार? अधिकृत साइटवरही डोळे उघडे हवेत. ‘फ्री डाउनलोड मॅनेजर’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या साइटवरून लिनक्सच्या काही वापरकर्त्यांना भलतंच, पासवर्ड चोरणारं पॅकेज मिळत होतं, हे कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०२३ मध्ये उघड केलं. डाउनलोड मॅनेजरचं ब्राउझरमध्ये बसणारं एक्स्टेंशन ‘सर्व साइटवरचा डेटा वाचण्याची’ परवानगी मागतं, तेही बघा. मी ते टाकतच नाही, लिंक कॉपी करून देतो.

महिन्याला चार पीडीएफ उतरवणाऱ्याला यातलं काहीच नको. क्रोमच्या डाउनलोड यादीत रिझ्यूमचं बटण आहे.