मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात तेव्हा : वेब प्रोग्रॅमिंगमध्ये नवीन असलेल्यांसाठी

फॉर्म भरला, सेव्ह केला आणि यादीत ‘सुनंदा’च्या जागी ‘??????’ आलं. किंवा डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं बारकं वर्तुळ, आणि हीच जोडी ओळभर. पीएचपी-मायएसक्यूएल शिकून पहिली साइट उभी करणारी मुलं-मुली माझ्याकडे सर्वांत जास्त याच तक्रारीने येतात. फॉर्म कसा बनवायचा, टेबल कसं तयार करायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला या एकाच गोष्टीवर सविस्तर बोलायचंय, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षात हिनेच माझी झोप उडवली होती.

आधी हे पक्कं करा, की वरची दोन दृश्यं म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रश्नचिन्ह दिसतंय तिथे बहुतेक वेळा अक्षर गेलेलं असतं. डेटाबेसने ते अक्षर ठेवायला आपल्याकडे जागा नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी ‘?’ लिहून टाकलं. कोणताही कोड ते परत आणणार नाही. रोमन ए आणि वर्तुळ दिसत असेल तर मात्र धीर धरा. तुमचे बाइट्स बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जातायत.

ती विशिष्ट जोडीच का दिसते? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिल्या आहेत (इथले आकडे हेक्स, म्हणजे १६ च्या पायाचे). हे क्रमांक बाइट्समध्ये लिहिण्याची पद्धत म्हणजे यूटीएफ-८; तिच्यात यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट्स लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत, एका अक्षराला एकच बाइट) समजून वाचले तर ई० म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए, ए४ म्हणजे ते पाय फुटलेलं वर्तुळ आणि ए५ म्हणजे जपानी येनचं चिन्ह. ी, ु, े, ो आणि हलन्त ए५ च्या वाट्याला येतात, म्हणून मात्रांच्या जागी येन दिसतो. हे एकदा कळलं की त्या कचऱ्याकडे बघून भीती वाटत नाही. उलट तो दिसला की मला हायसं वाटतं.

आता खरा सापळा. मराठी अक्षर फॉर्ममधून टेबलात जाईपर्यंत चार ठिकाणी त्याची ‘भाषा’ ठरते : तुमची फाइल कशी सेव्ह झाली, पानाने ब्राउझरला काय सांगितलं, पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यातली जोडणी कोणत्या कॅरॅक्टर सेटमध्ये (अक्षरांचे बाइट्स करण्याच्या पद्धतीत) आहे, आणि टेबलाचा कॉलम कोणत्या सेटचा आहे. पहिलं, दुसरं आणि चौथं प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. जोडणीचं कुणी सांगत नाही.

मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला. ५.७ आवृत्तीपर्यंत त्याचा मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ आणि क्रमवारी चक्क स्वीडिश असायची. २०१८ मध्ये ८.० आली तेव्हा कुठे यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) हा मूळ सेट झाला. म्हणजे त्याआधी कुणी काही न सांगता टेबल बनवलं असेल तर ते लॅटिन-१ चं, आणि जोडणीही लॅटिन-१ चीच. अशा टेबलात मराठी टाकली की काय होतं? व्यवस्थित चालतं! पीएचपी यूटीएफ-८ चे बाइट्स पाठवतं, मायएसक्यूएल त्यांना लॅटिन-१ समजून जसेच्या तसे ठेवतं आणि मागितल्यावर जसेच्या तसे परत देतं. पानावर ‘सुनंदा’ सुंदर दिसते. दोन्ही टोकांना सारखीच चूक असल्यामुळे त्या एकमेकींना झाकतात आणि वर्षानुवर्षं साइट बिनतक्रार चालते.

माझ्या वाट्याला आलेली साइट एका पतसंस्थेच्या सभासदांची होती. जुना सर्व्हर बदलून मायएसक्यूएल ८ वर आणला आणि सगळ्या सभासदांची नावं रातोरात ए-वर्तुळ-येन झाली. कोडमध्ये एक ओळही बदललेली नव्हती. झालं एवढंच होतं, की नव्या सर्व्हरवर जोडणी आपोआप यूटीएफ८एमबी४ ची झाली आणि कॉलम मात्र लॅटिन-१ चेच राहिले. एक टोक दुरुस्त झालं आणि झाकलेली चूक उघडी पडली. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, ‘टेबल कन्व्हर्ट करून टाक, होईल,’ आणि फोन ठेवला.

तो सल्ला चुकीचा होता आणि आजही मी तो सर्रास ऐकते, म्हणून सावकाश सांगते. ‘कन्व्हर्ट टू’ ही आज्ञा मायएसक्यूएलला म्हणते, की या कॉलममधली लॅटिन-१ अक्षरं यूटीएफ-८ मध्ये लिही. मायएसक्यूएल इमानदारीत तेच करतं. ई० या बाइटला तो तिरक्या रेघेचा ए समजून त्याचं नव्याने यूटीएफ-८ रूप लिहितं. तीन बाइट्सचा ‘म’ सहा बाइट्सचा होतो आणि कचऱ्यावर शिक्कामोर्तब होतं. अशा वेळी कॉलम आधी बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे व्हारकॅरचा व्हारबायनरी आणि टेक्स्टचा ब्लॉब. त्यामुळे मायएसक्यूएल बाइट्सना हात लावत नाही. मग तिथून त्याला यूटीएफ८एमबी४ चा व्हारकॅर किंवा टेक्स्ट करायचं. दोन पायऱ्या. बॅकअप घेतल्याशिवाय पहिली पायरीसुद्धा चढू नका. यावर मी कुणाचं ऐकून घेत नाही.

आणि तुमच्या टेबलात नक्की काय भरलंय हे पानाकडे बघून कधीच ठरवू नका. पान खोटं बोलतं. मायएसक्यूएलमध्ये बाइट्स दाखवणारं हेक्स नावाचं फंक्शन आहे, ते एका नावावर चालवा. ‘म’ या अक्षराचे बाइट्स ई० ए४ एई असे आले तर बाइट्स ठीक आहेत, आता फक्त कॉलमचा सेट बघा. सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे आले तर ते दोनदा एन्कोड झालंय. उलट दिशेने सोडवता येतं, पण काळजीने. ३एफ आलं तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे, जुना बॅकअप शोधा. ही एक तपासणी हाताशी असती तर ते दिवस मी इतके घाबरत काढले नसते.

नव्या कामात हे सगळं टाळणं अगदी सोपं आहे, खरंच. पीएचपीतून डेटाबेसला जोडायला पीडीओ वापरत असाल तर जोडणीच्या ओळीतच चारसेट म्हणून यूटीएफ८एमबी४ लिहा. मायएसक्यूएलआय वापरत असाल तर जोडणी झाल्या झाल्या सेट चारसेट करा. बस. नुसतं ‘यूटीएफ८’ लिहू नका. मायएसक्यूएलमधला तो जुना सेट एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट्स देतो. मराठीला ते पुरतं, म्हणून चाचणीत सगळं बरोबर येतं. मग कुणीतरी अभिप्रायात हात जोडलेलं इमोजी टाकतं, त्याला ४ बाइट्स लागतात आणि तिथे गाडी अडते.

आता शॉर्टकटबद्दल माझं मत, पटो न पटो. यूटीएफ८_एन्कोड हे फंक्शन कुठूनतरी उचलून कोडमध्ये शिंपडू नका. ते लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ करतं. आधीच यूटीएफ-८ असलेल्या मराठीवर ते चालवलं की दोनदा एन्कोडिंग झालंच. पीएचपी ८.२ पासून ते वापरू नका असं अधिकृतपणेच सांगितलंय. तसंच, ज्या व्हिडिओत मायएसक्यूएल_कनेक्ट दिसेल तो तिथेच बंद करा. ती फंक्शन्स २०१५ मध्ये पीएचपी ७ मधून काढून टाकली आहेत. एआयला विचारायला माझी हरकत नाही, मीही विचारते, पण त्याने दिलेली टेबल बदलणारी आज्ञा खऱ्या डेटावर थेट चालवायची नाही. आणि मार्गदर्शक निवडताना एवढंच बघा, की प्रश्न सांगितल्यावर तो तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून घेतो का. घेत असेल तर त्याच्याकडून काम होईल, तुम्हाला काही येणार नाही. मला शिकवलं ते शेजारी बसून ‘आता हेक्स बघ, काय दिसतंय सांग’ म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याने.

मराठी साइटवर हमखास गाठ पडणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीच्या साध्या स्ट्रलेनला १५ (बाइट्स) दिसते, एमबी_स्ट्रलेनला ५ (चिन्हं), आणि वाचणाऱ्याला तीनच अक्षरं दिसतात. म्हणून बातमीचा सारांश काढायला साधं सबस्टर वापरलं की अक्षर मधोमध कापलं जातं. वर तेच जेसनमध्ये द्यायला गेलात तर जेसन_एन्कोड ‘फॉल्स’ परत करतं आणि मोबाइल ॲपमध्ये कोरी स्क्रीन येते. एमबी_सबस्टर बाइट कापत नाही, पण ‘पुणे’चं ‘पुण’ करू शकतं. नीट हवं असेल तर इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्टर वापरा.

रक्कम मागणाऱ्या साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये लोक ‘५००’ देवनागरीत लिहितात. जावास्क्रिप्टचं नंबर त्याला ‘नॅन’ (ही संख्या नाही) म्हणतं, तेवढं तरी कळतं. पीएचपीमध्ये इंट केलंत तर ते गुपचूप ० होतं. पैशाच्या हिशेबात गुपचूप शून्य! ०-९ च्या देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करणारी एक ओळ सर्व्हरवर लिहूनच ठेवा.

आणि ‘कऱ्हाड’. हा शब्द काहीजण ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असा टाइप करतात, तर काहींचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, जावास्क्रिप्टला दोन वेगळे शब्द. गावानुसार गाळणी लावली की निम्मे कऱ्हाडकर गायब. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ इथे उपयोगाचं नाही, ते झेडडब्ल्यूजे काढत नाही. सेव्ह करतानाच दुसऱ्या रूपाचं पहिलं करून घ्या. गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळे एकदम सापडतील.

एका प्रकारात मात्र वरचं काहीच लागू पडत नाही. कार्यालयातून आलेल्या जुन्या फाइलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील आणि विशिष्ट फॉन्ट लावल्यावरच मराठी उमटत असेल, तर ते श्रीलिपी, कृतीदेव किंवा सीडॅकच्या जुन्या सुरेख फॉन्टमधलं टायपिंग आहे. ते युनिकोड नाहीच. कॅरॅक्टर सेट बदलत बसू नका, त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतर कुणीतरी माणसाने वाचून रफार आणि जोडाक्षरं तपासावी लागतात. त्या वेळेचे पैसे कामाच्या अंदाजपत्रकात आधीच धरा.

अडलात तर मदत मागायला अजिबात लाजू नका. फक्त ‘मराठी दिसत नाही’ एवढंच लिहू नका आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. एका नावाचं हेक्स, ‘शो क्रिएट टेबल’चं उत्तर, जोडणी करणारी ओळ (पासवर्ड खोडून) आणि मायएसक्यूएलची आवृत्ती, एवढं पाठवा. बहुतेक वेळा हे गोळा करतानाच कुठे घसरलंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि नाही दिसलं तर समोरच्याला तुमचा सर्व्हर न बघताही नेमकं सांगता येईल.