गाडी सुरू होत नाहीये? आधी सेल्फचा आवाज ऐका

किल्ली फिरवली, गाडी सुरू नाही झाली की आपण परत फिरवतो, परत फिरवतो आणि बॅटरीत जो काही जीव उरलाय तोही घालवून बसतो. ते आधी थांबवा. एकदाच सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका, निम्मा बिघाड तिथेच सापडतो.

काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे लाईटपण मेलेत, तर बॅटरी नाहीतर टर्मिनल (बॅटरीची दोन टोकं, जिथे तारा जोडतात). लाईट मस्त लागतायत पण सेल्फ गप्प, तर आधी साध्या गोष्टी बघा, क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर पार्क किंवा न्यूट्रलमधे आहे का, बाईक असेल तर किल स्विच आणि साईड स्टँड. हसू नका, मी स्वतः किका मारून मारून घामाघूम झालोय आणि शेवटी किल स्विच बंद निघाला.

कटकटकटकट असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. बॉनेट उघडा, टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर तेच कारण असू शकतं. आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बॅटरी मोजा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२ च्या खाली म्हणजे तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

एकच जाड 'टक' आणि लाईट मंद होत नाहीत, तर बहुतेक सेल्फ मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडून देणारा स्विच), ते मेकॅनिकचं काम.

सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पकडत नाही, मग बॅटरीच्या मागे लागू नका. पेट्रोल आहे का बघा (काटा खोटं बोलतो कधीकधी). बऱ्याच इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत किल्ली ऑन केली की मागून एक-दोन सेकंद पेट्रोलच्या पंपाची घूंऽऽ ऐकू येते, ती नेहमी यायची आणि आता येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) तपासा. डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चोरी टाळायला फक्त ओळखीच्या किल्लीनेच गाडी सुरू होऊ देणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे अर्धा मिनिट तरी थांबा, मोटर तापते.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर मात्र सेल्फला हातच लावू नका. सिलिंडरमधे पाणी गेलं असेल तर इंजिनच्या आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, सरळ टो करा.

बॅटरी उतरलीय म्हणून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्पर केबल लावताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीला नाही, कारण तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

सुरू झाली की लगेच बंद करून खूश होऊ नका, चालू इंजिनवर परत मीटर लावा. साधारण १३.५ ते १४.५ दिसलं तर ठीक, बारावरच अडकलं तर चार्जिंगच होत नाहीये म्हणजे बहुतेक अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) गेलाय, नवीन बॅटरी टाकलीत तरी तीही उतरणार.