खाडीकिनारी घर घेताना: पाण्याचा भाव आणि स्थानकाचे अंतर

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात गुंतवणूक म्हणून घर शोधणाऱ्याला दोन गोष्टी हमखास दाखवल्या जातात: खिडकीतून दिसणारे पाणी आणि नकाशावरची मेट्रोची रंगीत रेषा. दोन्हींसाठी चौरस फुटामागे जादा दर मागितला जातो. मात्र हा जादा पैसा परत येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि बहुतेक चुकीचे व्यवहार हा फरक न ओळखल्यामुळे होतात. रोज कामावर जाणारा भाडेकरू स्थानक जवळ असल्याबद्दल दरमहा जास्त भाडे देतो, कारण त्याचा वेळ आणि रिक्षाचा खर्च वाचतो. खाडीच्या दृश्यासाठी मात्र तो तेवढे देत नाही. पाण्याचा मोबदला मिळालाच तर तो घर विकताना मिळतो, आणि तोही समोरचे दृश्य व इमारतीची प्रकृती तोवर टिकली तरच.

म्हणून पहिले काम म्हणजे मागितलेल्या दराची फोड करणे. त्याच उपनगरात, साधारण त्याच वयाच्या इमारतींमधली तीन घरे निवडावीत: एक, ज्याला पाणीही नाही आणि स्थानकही दूर आहे, दुसरे, जे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे पण पाण्यापासून लांब आहे, आणि तिसरे, आपण घेऊ पाहत असलेले. तिघांचे विक्रीदर आणि तिघांची भाडी शेजारीशेजारी लिहावीत. दलाल सांगतो तो भाव आणि दस्तात नोंदलेला भाव यांत अंतर असते, त्यामुळे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून त्या इमारतीची सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) काढून प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाले ते पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या घराच्या भावातला फरक म्हणजे स्थानकाची किंमत. दुसऱ्या आणि तिसऱ्यातल्या फरकात पाण्याची किंमत कळते, मात्र तिसरे घर स्थानकापासून जितके दूर असेल तितकी ती कमी दिसते, याचे भान ठेवावे. मग विचारावे की यातला कोणता फरक भाड्यातही उमटला आहे.

एक गृहीत उदाहरण घेऊ. एक कोटी रुपयांच्या घराला महिना 25,000 रुपये भाडे मिळते, म्हणजे वर्षाला तीन लाख. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना 4,000 प्रमाणे 48,000, मालमत्ता कर 12,000 आणि घर वर्षातून एक महिना रिकामे राहिले तर त्याचे 25,000 वजा केले की हाती 2,15,000 उरतात. हा परतावा 2.15 टक्के झाला. मुंबईत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 6 टक्के पडते आणि नोंदणी शुल्क कमाल 30,000 रुपये असते, म्हणजे या घरावर 6,30,000 रुपये व्यवहाराच्या दिवशीच जातात. जवळजवळ तीन वर्षांचे निव्वळ भाडे त्यातच संपते. महिलेच्या नावे घर घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न मोडणाऱ्या घरावर वर 5 टक्के जीएसटी लागतो, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो लागत नाही. याच घराच्या शेजारी, खाडीच्या बाजूचे घर 20 लाखांनी महाग आणि भाडे फक्त हजार रुपयांनी जास्त असेल, तर ते 20 लाख आपण भविष्यातल्या खरेदीदाराच्या आवडीवर लावत आहोत, हे स्वतःशी स्पष्ट मान्य करूनच पुढे जावे.

स्थानकाचे अंतर पायांनी मोजावे

जाहिरातीतले ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे अंतर गाडीचे असते, आणि रविवार सकाळचे असते. खरे अंतर मोजायचे तर कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत चालत जावे, आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा जावे. दहा मिनिटांत, म्हणजे साधारण 700 ते 800 मीटरमध्ये, स्थानक गाठता आले तर भाडेकरू ते घर ‘स्टेशनजवळचे’ मानतो. त्यापुढे शेअर रिक्षाची रांग सुरू होते आणि भाड्यातला फायदा झपाट्याने कमी होतो. वाटेत रेल्वे फाटक, पादचारी पूल किंवा महामार्ग ओलांडावा लागतो का, हेही पाहावे, कारण स्थानकाच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंमधला फरक नकाशावर दिसत नाही.

नवी मुंबईत ही गोष्ट विशेष जपावी लागते. वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडी एका अंगाला, त्याच्या आत पाम बीच मार्ग आणि त्याहून आत हार्बर मार्गाची स्थानके, अशी शहराची रचना आहे. परिणामी नेरूळ किंवा सीवूड्स भागात पाण्याच्या जितके जवळ जावे तितके स्थानक दूर जाते. किनाऱ्यालगतच्या संकुलांपासून ते दीड-दोन किलोमीटरवर पडते. ज्याच्याकडे गाडी आहे असा भाडेकरू हे चालवून घेतो, पण असे भाडेकरू मोजके असतात आणि एक गेला की दुसरा मिळेपर्यंत घर रिकामे राहते.

वर्सोव्यात पाणी आणि रेल्वे यांची गाठ उशिरा का होईना पडली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही 11.4 किलोमीटरची मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली आणि घाटकोपर सुमारे 21 मिनिटांवर आले. तोवर समुद्राजवळ राहणाऱ्याला अंधेरी स्थानक गाठण्यासाठीच जे. पी. रोडवरच्या वाहतुकीत अडकावे लागे. मात्र ‘वर्सोवा’ नावाचे मेट्रो स्थानक सात बंगल्याच्या बाजूला आहे, कोळीवाड्याच्या टोकाला नाही. स्थानकाच्या नावावरून अंतराचा अंदाज बांधू नये.

होऊ घातलेल्या मार्गासाठी किती पैसे द्यावेत? माझे मत स्पष्ट आहे: गाडी प्रवासी घेऊन धावत नाही तोवर त्यासाठी जादा दर देऊ नये, आणि द्यायचाच असेल तर अर्ध्याहून कमी द्यावा. बेलापूर ते पेंधर या 11.1 किलोमीटरच्या नवी मुंबई मेट्रोचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि प्रवासी सेवा 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली. खारघर-तळोजा भागात मेट्रोच्या आशेने सुरुवातीला घर घेतलेल्यांनी मधली बारा वर्षे खांबांखालून रिक्षाने प्रवास केला. उरण मार्गाचेही तसेच. नेरूळ व बेलापूरहून खारकोपरपर्यंत गाड्या नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाल्या, उरणपर्यंत त्या जानेवारी 2024 मध्ये पोहोचल्या, आणि 2018 मध्ये वाटेतले तरघर स्थानक उघडलेच नव्हते, त्यामुळे तिथून गाडी न थांबता पुढे जाई. मार्ग सुरू होणे, स्थानक उघडणे आणि पुरेशा गाड्या धावणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उलवे किंवा द्रोणागिरीत घर पाहताना वेळापत्रक हातात घेऊन गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमध्ये किती अंतर आहे ते मोजावे. अटल सेतूमुळे शिवडी जवळ आली हे खरे, पण 21.8 किलोमीटरचा तो पूल पथकराचा रस्ता आहे आणि लोकलच्या पासावर प्रवास करणाऱ्या भाडेकरूला त्याचा उपयोग थोडाच होतो.

पाण्याची जवळीक: दृश्य, वाट आणि कायदा

पाणी दिसणे आणि पाण्यापर्यंत जाता येणे या भिन्न गोष्टी आहेत. ठाणे खाडीच्या पुष्कळ भागात इमारत आणि पाणी यांच्यामध्ये दाट तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, आहेत. ती तोडता येत नाहीत, आणि येऊही नयेत. भरतीच्या पाण्यापासून वस्तीचे रक्षण तीच करतात. ‘पुढे तिवरे काढून विहारपथ होणार आहे’ असे कोणी सांगितले तर त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये. जिथे खरोखर चालण्याजोगा किनारा आहे, जसे मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा कार्टर रोड किंवा वाशीचा सागर विहार, तिथे तो सर्वांसाठी खुला आहे. त्याचा आनंद दहा मिनिटे आत राहणाऱ्यालाही तितकाच मिळतो, आणि त्याला पहिल्या रांगेचा दर द्यावा लागत नाही. भाड्याचा विचार करणाऱ्याने म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतले, स्थानकाच्या बाजूला झुकलेले घर आधी पाहावे. दृश्याचा तर कायदेशीर हक्कच नसतो. समोरच्या मोकळ्या भूखंडावर उद्या परवानगी घेऊन मनोरा उभा राहिला तर तक्रारीला जागा उरत नाही. त्यामुळे तो भूखंड कोणाचा आहे आणि विकास आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण आहे, हे घर घेण्यापूर्वीच पाहावे.

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिली अधिसूचना 1991 ची, दुसरी 2011 ची आणि सध्याची जानेवारी 2019 ची. त्यात किनाऱ्याचे वर्ग पाडले आहेत. शहरी भाग बहुतांशी दुसऱ्या वर्गात (सीआरझेड-2) येतो आणि तिथे अस्तित्वातल्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधकाम करता येते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून लोकसंख्येच्या घनतेनुसार 50 किंवा 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या तिवरांच्या राईभोवती 50 मीटरचे संरक्षित क्षेत्र ठेवावे लागते. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला सिटी सर्व्हे क्रमांक किंवा गट क्रमांक शोधावा, तो कोणत्या वर्गात येतो ते वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे आणि लागू असल्यास महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची प्रत मागावी. जुन्या इमारतीत घर घेताना हे अधिकच आवश्यक आहे, कारण गुंतवणुकीचा मोठा लाभ पुनर्विकासातून अपेक्षित असतो आणि तिथे किती बांधता येईल हे या वर्गावर अवलंबून असते. नवी मुंबईत सिडकोच्या, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत आणि हस्तांतरण शुल्क किती पडेल, हेही विचारावे.

पुण्यात नदीकाठी घर पाहणाऱ्याने सीआरझेडऐवजी पूररेषा पाहाव्यात: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरले, तेव्हा या रेषांचा अर्थ अनेकांना कळला.

पावसाळ्यातली पाहणी आणि खाऱ्या हवेचा खर्च

किनाऱ्यालगतचे घर उन्हाळ्यात पाहून घेऊ नये. मुंबई महापालिका दरवर्षी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. त्यांपैकी एका दिवशी, शक्यतो पाऊस पडत असताना, तिथे जावे. उधाणाच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांपेक्षा वर येते, पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही आणि सखल रस्ते तुंबतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी पाणी कुठवर आले होते ते तळमजल्यावरचे रहिवासी, जुने दुकानदार आणि पहारेकरी भिंतीवर हात ठेवून दाखवतात. विजेची मीटरखोली, उद्वाहनाचा खड्डा आणि तळघरातले वाहनतळ त्या खुणेच्या वर आहेत की खाली, हे पाहावे. ओहोटीच्या वेळीही एक फेरी मारावी, कारण उघड्या पडलेल्या गाळाचा आणि सांडपाण्याचा वास तेव्हाच कळतो.

खारी हवा लोखंड खाते. सळई गंजली की फुगते, काँक्रीटचा थर सुटतो आणि छताची खपली पडू लागते. खिडक्यांच्या बिजागऱ्या, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे भाग आणि पाइप यांचे आयुष्यही कमी होते. सोसायटीचा संरचनात्मक तपासणी अहवाल, गेल्या दहा वर्षांत दुरुस्तीवर झालेला खर्च आणि दुरुस्ती निधीतली शिल्लक, हे तीन कागद पाहिल्याशिवाय समुद्राकाठच्या जुन्या इमारतीचा भाव ठरवू नये. वरच्या उदाहरणातला 4,000 रुपयांचा देखभाल खर्च अशा ठिकाणी अपुरा पडू शकतो.

मांडवा-अलिबागकडे गुंतवणूक करणाऱ्यांनी जलवाहतुकीचा हिशेब वेगळा धरावा. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो (वाहनांसह प्रवासी नेणारी बोट) सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि साधारण तासाभरात पोहोचवते. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच मात्र पावसाळ्यात बंद असतात. तिथले घर सुट्टीच्या भाड्यावर चालेल, रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराच्या भाड्यावर चालणार नाही. शेतजमीन असेल तर ती घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो, ही अटही इसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी तपासावी.

शेवटी करारनामा. प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडून मंजूर नकाशे, ताबा देण्याची नोंदलेली तारीख आणि प्रलंबित दावे पाहावेत. स्थावर संपदा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. त्यासाठी ‘मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटे’ किंवा ‘अखंड खाडीदृश्य’ असे छापलेले माहितीपत्रक जपून ठेवावे, आणि विकासकाच्या प्रतिनिधीने तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन ई-मेलवर लिहून मागावे. जे तो लिहून देणार नाही, त्याचा दर आपल्या फोडीतून वजा करून मगच आपला भाव सांगावा.