एबीएसच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढण्याआधी

गाडी जॅकवर घेण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: काम संपेपर्यंत ब्रेक ऑइलची टाकी रिकामी पडू द्यायची नाही. साध्या ब्रेकच्या गाडीत टाकी कोरडी पडली तर ऑइल पुन्हा भरून पेडल मारत बसायचं, फक्त वेळ जातो. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. ती असलेल्या गाडीत मात्र मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आणि चाकं यांच्यामध्ये एबीएसचं युनिट असतं, त्यात व्हॉल्व्ह, ऑइलचा छोटा साठा आणि मोटरवर चालणारा पंप असतो. साठ्याकडे जाणारे व्हॉल्व्ह एरवी बंदच असतात. म्हणून पायाने कितीही पेडल मारलं तरी त्या भागातून ऑइल फिरत नाही. तिथे शिरलेली हवा तिथेच बसते, आणि एखाद्या दिवशी करकचून ब्रेक लावल्यावर एबीएस चालू झालं की लाइनमध्ये येते. पेडल नेमकं नको तेव्हा मऊ पडतं.

म्हणून आधी काम कोणतं आहे ते ठरवा. नुसतं ऑइल बदलायचं असेल किंवा एखादा कॅलिपर (चाकापाशी पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलला असेल, तर बहुतेक गाड्यांत पेडल मारून हवा काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीने काम होतं. एबीएस युनिट किंवा मास्टर सिलिंडर बदललाय, किंवा टाकी एकदा कोरडी पडलीय, तर तुमच्या गाडीचं एबीएस ब्लीडिंग, म्हणजे युनिटमधली हवा काढण्याचं काम, चालवू शकणारा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आधीच मिळवून ठेवा. नुसते एरर कोड वाचणारं यंत्र इथे उपयोगाचं नाही. स्कॅनरने पंप चालवताना बॅटरीवर चांगलाच ताण येतो, तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना घरी हात लावू नका. त्यांतल्या काहींत नुसतं दार उघडलं तरी पंप आपोआप प्रेशर तयार करतो.

ऑइल कोणतं घ्यायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची, हवेतला ओलावा शोषणारी ऑइलं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. त्यामुळे मागच्या वेळचा अर्धा उरलेला डबा वापरू नका, सीलबंद नवा आणा. सगळं ऑइल बदलायचं असेल तर एक लिटर हाताशी असू द्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. नावं सारखी दिसतात म्हणून ते डॉट ५.१ च्या जागी घालू नका.

ब्लीडिंग निपलकडे, म्हणजे चाकापाशी हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूकडे, आदल्या संध्याकाळीच बघा. तारेच्या ब्रशने गंज काढा, बुडाशी गंज सोडवणारं ऑइल थोडंसं लावा, डिस्कवर किंवा पॅडवर एक थेंबही जाऊ देऊ नका. पाना सहा कोनी रिंगचाच घ्या, उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे झिजतात. टाकीतलं जुनं ऑइल उपसण्याआधी चारही निपल सैल होतात का, ते बघून लगेच पुन्हा बंद करा. एखादा तुटायचाच असेल तर तो सुरुवातीलाच कळलेला बरा. कॅलिपर नवा असेल तर निपल वरच्या बाजूला आहे ना, तेही बघा. डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खाली आला, तर हवा कधीच पूर्ण निघणार नाही.

निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि तळाशी बोटभर नवं ऑइल घातलेली बाटली हवी. नळीचं टोक त्या ऑइलमध्ये बुडालेलं राहिलं पाहिजे. आधी काळपट ऑइल येतं, मग बारीक बुडबुडे, मग मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघून कागदावर लिहून ठेवा. ‘सगळ्यात लांबचं चाक आधी’ हा नियम प्रत्येक गाडीला लागू होत नाही.

पेडल दाबायला बसणाऱ्या माणसाशी शब्द आधीच ठरवा. त्याने ‘दाबलं’ म्हटलं की तुम्ही निपल उघडायचा, आणि ‘बंद’ ऐकल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. निपल उघडला की पेडल पायाखालून खाली जातं, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो दचकून पाय काढतो आणि हवा परत आत ओढली जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत गेलं, तर एरवी न वापरल्या जाणाऱ्या खरबरीत भागावर सील घासून फाटू शकतात. प्रत्येक चाकामागे टाकीची पातळी बघण्याची जबाबदारी एकाचीच असू द्या.

बाकी नेहमीचंच: गाडी स्टँडवर, चाकांना अटकाव, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा.

चाचणीसाठी मोकळी, रिकामी जागा आधीच हेरून ठेवा. इंजिन बंद असताना पेडल कडक लागलं पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जाऊन थांबतं, ते ठीक आहे. दाबून धरलेलं असताना खाली खालीच जात राहिलं, तर गाडी हलवू नका. डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागून विझला पाहिजे. हळू वेगात साधे ब्रेक नीट लागले, की एकदा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास करकचून ब्रेक लावा, म्हणजे एबीएस चालू होईल. त्यानंतर पेडल पुन्हा दाबून बघा. आधीपेक्षा मऊ लागलं, तर हवा एबीएस युनिटमध्ये आहे. गाडी तिथेच उभी करा, टो करून न्या आणि स्कॅनरवर ब्लीडिंग करून घ्या.