जुन्या एस्टीमचं इंजिन समजून घ्यायचं तर

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत अजून कुणाच्या ना कुणाच्या दारात एस्टीम उभी दिसते. मारुतीने ही गाडी १९९४ मध्ये आणली, २००७ मध्ये बंद केली. इंजिन १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवरचं. शिकायला याहून सोपं इंजिन नाही.

सकाळी गाडी थंड असताना सपाट जागी बोनेट उघडा. आधी ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या जाड वायरी शोधा. चार सिलिंडर, चार प्लग. पिस्टन खाली येताना हवा-पेट्रोल ओढतो, वर जाताना दाबतो, ठिणगी पडली की जोराने खाली ढकलला जातो आणि परत वर येताना धूर बाहेर काढतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, एकेका सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा होतं. एखादा प्लग किंवा वायर गेली की गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो.

मग ऑइलचं गेज काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. ऑइल काळं असलं तर घाबरू नका. दुधाळ असलं तर मात्र गाडी चालू करू नका. बहुधा हेड गॅसकिट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याखालचं सील) गेलं आणि ऑइलमध्ये पाणी मिसळलं.

आता खरा विषय, उष्णता. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की वाकतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, आतल्या बारीक नळ्या चोंदतात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, तेही इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

एसी बंद ठेवून गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवा. तापमानाचा काटा मधोमध थांबला, पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला, तर ठीक. उभ्या गाडीत काटा चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच बघा. वेगात असताना चढतो, तर रेडिएटर चोंदलेला किंवा कूलंट कमी. काटा वर, वरचा पाइप गरम आणि खालचा थंड, तर थर्मोस्टॅट (गरम कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला असेल किंवा रेडिएटर चोंदला असेल. पाइप चाचपताना हात पंख्यापासून लांब ठेवा. वाटेतच काटा लाल रेषेकडे निघाला तर एसी बंद, हीटर फुल्ल करा आणि सावली गाठून इंजिन बंद करा. वरून थंड पाणी ओतायचं नाही.

धुराचा रंगही बघा: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत शिरतंय.

जुनी गाडी विकत घेत असाल तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) कधी बदलला ते आधी विचारा. तो रबराचा असतो, गाडी नुसती उभी राहिली तरी कुजतो. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर मिस्त्रीकडून बदलून घ्या आणि तो खर्च किमतीतून वळता करायला सांगा.