निवृत्तीनंतर मोडी शिकताना

३१ मे २०२१ ला मी पारोळा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाले. मोडी, म्हणजे पूर्वी मराठी कागदपत्रं जिच्यात लिहीत ती लिपी, शिकायची हे त्याच्या कितीतरी आधीच ठरलेलं होतं. सासऱ्यांच्या ट्रंकेत शेताचं एक जुनं मोडीतलं खरेदीखत होतं आणि ते वाचू शकणारं घरात कुणीच उरलं नव्हतं.

सुरुवातीला रोज चार-चार तास बसले. तिथेच चुकलं. शाळेची घंटा गेली की दिवसाला धरबंध राहत नाही, आणि “तुम्ही घरीच असता ना” म्हणत जो तो कामं सांगतो. लग्नं, पाहुणे, नातवाची शाळा. दिवाळीपर्यंत वही बंद पडली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “आते शिकीसन काय करशी?” आधी वाईट वाटलं. मग रात्री ट्रंक उघडली, ते खत बाहेर काढलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. रोज नजरेला पडेल असं. नुकत्याच निवृत्त झालेल्यांना मी हेच सांगते: ‘काहीतरी शिकायचंय’ एवढ्यावर मन टिकत नाही, हातात धरता येईल असं काहीतरी समोर हवं.

मग वेळ कमी केला. सकाळी चहानंतर अर्धा तास, भाजी निवडायच्या आधी. पानावर तारीख घालायची. आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घ्यायची, मग तिच्याखाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. ज्या बाईनं आयुष्यभर मुलांच्या वहीत वेलांट्या दुरुस्त केल्या, तिला हे पचायला दोन महिने लागले. पण त्याच अडखळण्यात गोडी लागली.

एकटीनं झालं नसतं. ओळखीतले एक निवृत्त तलाठीभाऊ शिकायला तयार झाले. रोज रात्री एकमेकांना एका ओळीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, सकाळी दुसऱ्यानं ती वाचायची. मी दोन दिवस गप्प राहिले की त्यांचा फोन येतोच. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, त्याचीही चौकशी जरूर करा.

महिन्यातून एकदा धुळ्याला जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पेन्शनमधून ते सहज निघतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. गावोगाव फिरून त्यांनी जुनी दप्तरं गोळा केली. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथं आहे. नुसतं त्या वाटेनं जाऊन आलं तरी आठवडाभर हात चालतो.

खरेदीखतात पहिला शब्द लागला तो ‘मौजे’. डोळ्यांत पाणी आलं. पुढे चतुःसीमा, म्हणजे शेताच्या चारही बाजूंच्या हद्दी, लागायला पूर्ण पावसाळा गेला. पूर्वेस नाला, तो अजून वाहतो. दक्षिणेस चिंचेचं झाड. मी ह्यांना घेऊन शेतात गेले. चिंच कधीच गेलीय, पण त्या बांधाला आमच्या घरात आजही ‘चिंचेचा बांध’च म्हणतात.