फ्लोराइड माउथवॉश वापरताय? मग लगेच पाणी पिऊ नका

बरेच जण ब्रश झाला की लगेच फ्लोराइडवाला माउथवॉश घेतात आणि वर पाण्याने खळाखळा चूळ भरतात, म्हणजे केलं सगळं पाण्यात. पेस्टमध्ये साधारण १००० ते १४५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं, रोजच्या ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडवाल्या माउथवॉशमध्ये जेमतेम २२५, त्यामुळे ब्रशनंतर लगेच घेतला तर उलट जास्तीचं धुऊन कमीचं ठेवताय.

म्हणून वेळ वेगळी ठेवा, दुपारी जेवणानंतर वगैरे. १० मिली घ्या, मिनिटभर दातांच्या फटींतून फिरवा आणि थुंका, गिळू नका. १० मिलीत सव्वादोन मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, बहुतेक थुंकण्यात जातं, पण थोडं लाळेत आणि दातांवरच्या थरात राहतं आणि काम तेच करतं. लाळ ते हळूहळू धुऊन नेते, म्हणून पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही (हे सगळ्यात अवघड 😅). झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचं जास्त वेळ टिकतं, म्हणून रात्री ब्रश केल्यावर फेस नुसता थुंका, चूळ नको.

सहा वर्षांखालच्या पोरांना देऊ नका, ती गिळतातच. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत, तिथल्यांनी आधी डेंटिस्टला विचारा.